व्यासपीठाखालची घोडी

पिस्गा पाळकघर,
नांत हेलिग, वेल्स
सोमवार, ता. ४ ऑक्टोबर १९२६

प्रिय होपकिनदादास,
कटूराचा सलाम.

तू पाठवलेलं खोकं शनिवारी पोचलं. एक पौंड चहा, अर्धा पौंड बेदाणे, कापूर, साबणाच्या दोन वड्या आणि घशाच्या गोळ्यांचा एक डबा. फुटलं-सांडलं काही नाही. रेल्वेचं भाडं तू लिव्हरपूललाच भरलं होतंस, तरी स्टेशनापासून इथवर गाडीवाल्याने सहा पेन्स घेतलेच. मी चार म्हणत होते. दोरी सोडवून गुंडाळून ठेवली आहे. खोक्याचं लाकूड चांगलं आहे, कोंबडीला अंडी उबवायला होईल.

चिठ्ठी मात्र नव्हती. आत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळेसुद्धा मी एकेक उलगडून पाहिले. मार्चपासून तुझं अक्षर नाही, आणि मी तरी कुठे लिहिलं. पण खोकं आलं, तर पोच द्यायलाच हवी.

मार्चमधली ती गोष्ट लोक आता कशी सांगतात ते ऐक. व्यासपीठासमोरच्या पंचांच्या मोठ्या बाकाखालची जमीन ओलीने कुजली म्हणून होपकिन सुताराने फळ्या उचलल्या. खाली घोड्यांची डोकी निघाली, नुसती हाडं, दातांसकट, ओळीने मांडलेली, सगळ्यांची तोंडं मंडळीकडे. पाळक म्हणाले, हा अंधार देवाच्या घरात नको, आजच्या आज बाहेर काढा. होपकिन म्हणाला, हे व्हायोलिनच्या पोटासारखं आहे. पणजोबांनी प्रार्थनाघर फिरून बांधलं तेव्हा आवाज घुमावा म्हणून घरटी एकेक डोकं ठेवलं. पोट फाडलंत तर वाजणार काय?

इथवर खरं आहे. पुढे म्हणतात की तू हातोडा उगारलास. मी प्रार्थनाघरात उघडणाऱ्या पाळकघराच्या दारात उभी होते, दादा. हातोडा तू आधीच खाली ठेवला होतास. तू एवढंच म्हणालास, "प्रॉथरो, तुमचा आवाज तुमचा नाही. तो या जनावरांनी तुम्हाला उसना दिलाय." मोठ्या बाकासमोर उभं राहून पाळकाला असं बोलल्यावर दुसरं काय होणार होतं? बुधवारच्या सभेत तुझं नाव मंडळीतून कमी झालं. सगळ्यांनी हात वर केले. पाळक असूनही यांनी केला नाही. हे तुला कोणी सांगितलं नसणार, कारण त्या वेळी सगळे माना खाली घालून बसले होते. मी पाहिलं.

बाकी इकडे सर्व ठीक. नवी जमीन शहराच्या सुताराने घातली, वार्निश जरा भडक आहे. उपासना वेळेवर होतात. बटाटे बरे निघाले.

एक विचारायचं होतं. यांना खोकला आहे हे तुला कोणी सांगितलं? मी कोणालाच लिहिलेलं नाही. गोळ्या चांगल्या आहेत, हे घेतात. कोणी पाठवल्या ते मी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

प्रभू तुझं रक्षण करो.
तुझी बहीण,
कटूरा


बुधवार, ता. २० ऑक्टोबर १९२६

प्रिय दादास,

तुझं कार्ड मिळालं. एका ओळीचं. "कोणी सांगायला कशाला लागतं, ऐकू येतं की." ती ओळ मी दिवसभर मनात घोळवली, अर्थ लागला नाही. तू थट्टा करत असशील. कर. पण मागच्या पत्रात मी सगळं ठीक म्हटलं ते तितकंसं खरं नव्हतं, आणि आता ते लपवून उपयोग नाही. लोणी विकायला गेलेल्या बायका बाजारात तेच बोलतात.

जमीन नवी झाल्यापासून यांचा आवाज पोचत नाही. पहिल्यांदा गॅलरीतल्यांनी तक्रार केली. मग मागची बाकं. आता मधल्या बाकांपर्यंतही नुसती पुटपुट येते, लोकरीचा गठ्ठा तोंडावर धरून बोलावं तशी. आपल्याकडचे उपदेशक सुरुवात हळूच करतात, आणि शिडात वारा भरावा तसा आवाज चढत चढत शेवटी गाण्यावर जातो, म्हणून लोकांनी पहिले काही रविवार धीर धरला. आता भरेल, मग भरेल. शीड भरलंच नाही.

घसा म्हणशील तर शहराच्या डॉक्टरने आत आरसा घालून पाहिला, घसा स्वच्छ आहे. खोकला आहे, पण तो साधाच. आणि घरात यांचा आवाज जसाच्या तसा आहे. अंगणातून हाक मारली तर ओढ्यापलीकडे जाते. व्यासपीठावरून एक पायरी खाली आले की आवाज परत येतो. वर चढले की जातो. तुला माहीतच आहे, माझ्या चुलीमागची भिंत म्हणजे व्यासपीठाची पाठ. आजारी असताना मी स्वयंपाकघरात बसून अख्खा उपदेश ऐकलेला आहे, कागद उलटल्याचा आवाजसुद्धा. आता भिंतीला कान लावला तरी काही नाही. भिंत गार लागते. पलीकडे चूल नाही, माणूस नाही, काहीच नाही असं वाटतं.

आणखी एक. उपासनेच्या वेळी लोक आपले घोडे आपल्या तबेल्यात बांधतात. लौरी म्हातारी, तीच झाडलोट करणारी, मला रविवारी उपदेश चालू असताना हात धरून तिकडे घेऊन गेली. आत गवत भरलेलं, पण एकाही जनावराने तोंड लावलं नव्हतं. सगळी भिंतीकडे तोंड करून उभी. एकसारखी. प्रार्थनाघराच्या भिंतीकडे नव्हे, दुसऱ्या. ईशान्येकडच्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाळक उपदेशाला उभे राहिल्यापासून," लौरी म्हणाली. "ते बसले की ही खायला लागतात. बघा पाहिजे तर."

मी पाहिलं नाही. मला परत जाऊन स्तोत्र म्हणायचं होतं.

त्याच रविवारी उपासना झाल्यावर हावोदचा एलिस प्यू स्वयंपाकघरात आला. आता तोच पंचांमध्ये मोठा. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आणि चहात साखर ढवळत राहिला.

"पाळकसाहेब, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला, "पण बायबलात बलामाच्या गाढवालासुद्धा वाचा फुटली होती."

"मी खाली उभा राहून बोलतो," हे म्हणाले. "मोठ्या बाकातून. तिथून ऐकू येतं."

"तिथून मेंढ्यांच्या लिलावाच्या सूचना देतात. तिथून सांगितलेल्याला उपदेश कोण म्हणेल? माझी बायको तर मोजेसुद्धा विणायचे थांबवणार नाही."

"मग तुमचं म्हणणं काय, एलिस?"

एलिस माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणणं तुमच्या मेव्हण्याने मार्चमध्येच सांगितलं होतं. आमचं घोडं तिथं आहे, डॉबिन. म्हणजे होतं. माझ्या आजोबांनी ते डोकं चुन्यात उकळून घेतलं होतं. आम्ही वरवर तुमच्या बाजूने हात वर केले, पण घरी जाऊन कोणी नीट जेवलं नाही. पंचांची बैठक नोव्हेंबरच्या सतरा तारखेला आहे. तोवर आवाज आला नाही तर मंडळी दुसरा पाळक बोलावणार. आणि घर पाळकासाठी आहे, हे मी वेगळं सांगायला नको."

यांनी आपला कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "घाला परत. मी आड येणार नाही."

काल ते झालं. मार्चमध्ये आमच्या बटाट्याच्या वाफ्यात पुरलेली डोकी उकरून काढली, लौरीने नि मी धुतली, एलिसने मोठ्या बाकाखाली मांडली. मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते, आणि माझे हात त्या दातांवरून ब्रश फिरवत होते. देव मला क्षमा करो, मला घाण वाटली नाही. भांडी घासल्यासारखंच वाटलं. काम झाल्यावर लौरीने घरटी नावं घेतली आणि म्हणाली, "सेरेन कुठाय?"

सेरेन आपल्या घराची. पणजीची चांदणी कपाळाची घोडी. तिची जागा बरोबर व्यासपीठाच्या खांबाखाली होती, आणि ती जागा रिकामी आहे. वाफ्यात ती नव्हती. दादा, ती तुझ्याकडे आहे का?

कटूरा


मंगळवार, ता. २ नोव्हेंबर १९२६

प्रिय दादास,

तुझं मोठं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं आणि मग यांना दिलं. देऊ नको असं तू लिहिलं नव्हतंस.

तू लिहितोस की सेरेन तुझ्या खोलीत फडताळावर आहे. "ती आपल्या घराची होती, प्रॉथरोच्या वाफ्यात कुजायला मी तिला ठेवणार नव्हतो." ते मी समजू शकते. पुढचं मात्र मी खिडकीपाशी उजेडात नेऊन परत वाचलं. तू लिहितोस, एप्रिलपासून दर रविवारी सकाळी दहाला फडताळातून माणूस बोलतो. आधी तुला वाटलं शेजारचा भाडेकरू आहे. मग तू आवाज ओळखलास. खोकला वाढला तेव्हा चिडून गोळ्या पाठवल्यास, कारण "हागारेच्या विहिरीपाशी तो मुलगा तहानेने मरतोय आणि हा मधेच ढास काढतोय, ऐकवत नाही." आणि त्याच रविवारी, सप्टेंबरच्या शेवटच्या, तो मधेच थांबून म्हणाला, "ती डावीकडची खिडकी कोणी लावेल का, वाफ घरात राहू द्या, बाहेर मेंढ्यांना नको."

ते खरं आहे. त्या दिवशी मुलासह रानात हाकललेल्या हागारेवरच उपदेश होता. विषय मला आदल्या संध्याकाळपासून माहीत होता. हे मधेच थांबले आणि बोट दाखवलं, एलिसने उठून खिडकी लावली. पण मेंढ्यांचं कोणालाच ऐकू आलं नव्हतं, दादा. मी पहिल्या बाकात होते. मला वाटलं हे नुसतं बोटच दाखवताहेत. मी यांना विचारलं, "तेव्हा काय म्हणालात हो?" यांनी तुझ्या पत्रातलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, अजून पत्र हातात घेतलेलं नसताना.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शाळेत शेवटच्या परीक्षेपर्यंत शिकले आहे. सैतान असं काही करत असेल तर त्यात त्याचा फायदा काय, तेही मला कळत नाही. उपदेश तर देवाचाच आहे. तो लिव्हरपूलला तुझ्या खोलीत पडतो एवढंच. तबेल्यातली घोडी ज्या भिंतीकडे तोंड करतात, त्याच दिशेला लिव्हरपूल आहे.

डोकी परत घातल्याचा गुण आला, पण अर्धाच. गाणं आता असं घुमतं की गॅलरीच्या कठड्याला हात लावला तर थरथर कळते. दोन्ही रविवारी लोक गाताना रडले. आणि मग हे वर चढले, आणि परत लोकर. या रविवारी तर मोठ्या बाकातले पंचसुद्धा कानामागे हात धरून बसले होते. मधेच एलिसचं घड्याळ टिकटिकताना ऐकू आलं.

तुझी अट मी यांना वाचून दाखवली. "सेरेन हवी असेल तर प्रॉथरोने स्वतः मागावी. चिठ्ठीने नाही, बहिणीच्या तोंडून नाही. सगळ्यांसमोर मला बोलला, सगळ्यांसमोर मागावी."

हे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

"तुझा भाऊ हट्टी आहे," म्हणाले.

"तुम्ही नाही वाटतं."

"मी लिव्हरपूलला जाईन म्हणतो."

"प्रवास झेपणारे तुम्हाला? जिना चढताना धाप लागते."

त्यावर पत्राची घडी घालून यांनी बायबलमध्ये ठेवली. मी तुला विनवते, दादा, या एका वेळेला अट सोड. रेल्वेने पाठवून दे, लाकडी खोक्यात, गवत घालून. बैठक सतरा तारखेला आहे. आम्हाला हे घर सोडावं लागेल याचं मला एवढं नाही. पण या माणसाने आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. बोलला, एवढंच. ते काढून घेतलं तर मी कोणाला जेवायला वाढू?

घरात आता हे कमी बोलतात. मी म्हटलं, घरात तरी बोला, इथे तर ऐकू येतं. तर म्हणाले, "पुरवून वापरतोय." माझीच काटकसरीची भाषा मला ऐकवली.

कटूरा


बुधवार, ता. १० नोव्हेंबर १९२६

दादा,

तार मिळाली असेल. तारेत लिहिता येतं तेवढंच लिहिलं. आता सगळं लिहिते, कारण मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे आणि ती तुझ्याखेरीज कोणाकडे नाही.

रविवारी सकाळी यांनी स्वतः दाढी केली. पांढरा गळाबंद नीट बसत नव्हता तो मी बांधून दिला. घरातून व्यासपीठाकडे जाणाऱ्या बोळात उभे राहून मला म्हणाले, "कटूरा, आज मी मंडळीशी बोलणार नाही. तुझ्या भावाशी बोलतो. त्याला सगळ्यांसमोर हवंय ना, सगळे असतीलच."

"त्यांना ऐकू येणार नाही," मी म्हणाले.

"ज्याला ऐकू यायला हवं त्याला येईल," हे म्हणाले, आणि दार उघडून वर गेले.

मी माझ्या बाकात जाऊन बसले. यांनी बायबल उघडलं, पण वचन वाचलं नाही. दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि बोलायला लागले. दादा, या वेळी पुटपुटसुद्धा नव्हती. काही नाही. ओठ हलत होते. पण चेहरा असा होता की मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ज्या दिवशी शीड पूर्ण भरायचं त्या दिवशीचा. डावा हात कानाशी गेला, मान मागे झाली, अंग डोलायला लागलं. आपल्या लोकांना तेवढी खूण पुरे. सगळे पुढे सरकून बसले. गॅलरीतले उभे राहिले. आज भरणार. म्हातारे तर नुसते ओठ बघून जागच्या जागी 'आमेन' म्हणायला लागले. मी कान देऊन बसले होते. माझ्या शेजारी लौरी डोळे मिटून होती. तबेल्यातून एका खुराचा आवाज नव्हता.

एकदा यांनी खाली माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले. दोन-तीन शब्दच असतील. मग परत वर, सगळ्यांच्या डोक्यांवरून, गॅलरीवरच्या घड्याळाच्याही पलीकडे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हे हसत होते.

मग थांबले. खाली बसले, कपाळ बायबलावर टेकलं. शीड भरून उतरलं की उपदेशक असेच गळून बसतात, हे तुला सांगायला नको. म्हणून कोणी हललं नाही. एलिसने स्तोत्र धरलं. पिस्गाची रीत तुला माहीत आहे. पाळक हात वर करेपर्यंत शेवटचं कडवं थांबवायचं नाही. आम्ही ते दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. प्रार्थनाघर असं घुमत होतं की खिडक्यांच्या काचा वाजत होत्या, मोठ्या बाकाखालून कोणीतरी आमच्याबरोबर गातंय असं वाटत होतं, आणि कोणालाच ते संपवावंसं वाटत नव्हतं. खालचे सूर धरणारे पुरुष रडत होते. मीही गात होते. माझा नवरा माझ्या डोळ्यांसमोर बायबलावर डोकं ठेवून होता आणि मी गात होते, कारण हात वर झाला नव्हता. बायकांचे आवाज फाटले तरी चालूच. शेवटी लौरीने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तबेल्यात घोडी खायला लागलीत."

मी उठून वर गेले. त्या जिन्यावरून मी आजवर फक्त केर काढायला चढले होते. यांचा हात अजून ऊबदार होता. मी तोच हात धरून वर केला, म्हणून गाणं थांबलं.

डॉक्टर म्हणतो हृदय. असेल. काल दफन झालं. तू येऊ शकला नाहीस याचं मी मनात धरलेलं नाही, तार उशिरा गेली. एलिस म्हणतो घर वसंतापर्यंत माझंच आहे, आणि बैठक आता होणार नाही. लोक म्हणतात, पिस्गामध्ये असा उपदेश कधी झाला नाही. कोणाच्या कानात एक शब्द गेला नाही, आणि सगळे तसं म्हणतात. मी त्यांना काही बोलत नाही. पाहुण्यांना बेदाण्यांचे तव्यावरचे केक केले, तुझे बेदाणे त्यातच संपले.

सेरेनचं तू ठरव. पाठवायची असेल तर पाठव, ठेवायची असेल तर ठेव. मी आता मागणार नाही. यांनी मागितली असेल, नसेल, ते तुझ्या नि यांच्यातलं. माफी मागितली असेल तर तीही तुझी, मला सांगू नकोस.

पण मधेच यांनी खाली माझ्याकडे पाहून दोन-तीन शब्द म्हटले, ते माझे आहेत. ते तुझ्या खोलीत पडले आहेत. यांचे ओठ मला आठवतात. आरशासमोर उभी राहून मी तसेच ओठ करून पाहते, आणि दर वेळी वेगळाच शब्द निघतो. तू रागाने फडताळाचं दार लावून घेतलं नव्हतंस एवढीच देवाजवळ प्रार्थना करते आहे.

जसेच्या तसे लिही, दादा. बरे दिसावेत म्हणून एकही शब्द बदलू नकोस. आणि येत्या रविवारी दहाला खोलीतच थांब. फडताळातून काही आलं तर ते, आणि नाही आलं तर नाही आलं हे, उलट टपाली कळव.

तुझी,
कटूरा